आईचा दमा, सुजलेले पाय आणि रिपोर्टमध्ये 'पल्मनरी हायपरटेन्शन'. घरी ऑक्सिजन लावायचा का?

पाऊसवाट

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आई ६६ वर्षांची. ती गावी असते दादा-वहिनीकडे, बीड जिल्ह्यात, मी पुण्यात. आयुष्यात बिडी-सिगारेटला हात लावला नाही, मिश्री लावायची ती चार वर्षांपूर्वी सुटली. पण चूल मात्र लहानपणापासून. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, जे हाताशी असेल ते. गॅस आला तरी भाकरी चुलीवरचीच आणि अंघोळीचं पाणीही न्हाणीतल्या चुलीवर, ते आत्ताआत्तापर्यंत चालू होतं. दहा-बारा वर्षं दमा म्हणून औषध घेत होती, मागच्या वर्षी ती फुंकायची टेस्ट झाली तेव्हा कळलं की दमा नाही, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात तो आजार. पंप दिलाय, आठवण केली तर घेते.

दिवाळीनंतर पाय सुजायला लागले. दोन्ही. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. पोट जड वाटतं म्हणते, जेवण जात नाही. आम्हाला वाटलं किडनीचं काहीतरी असणार, पण किडनीचे रिपोर्ट ठीक आले, मग लातूरला नेलं, तिथे टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. रिपोर्टात आहे तसंच लिहिते: आरए आरव्ही डायलेटेड, एलव्हीईएफ ६० टक्के, टीआर जेट ३.५, आरव्हीएसपी ५७, पल्मनरी हायपरटेन्शन. बोटाचं मशीन बसल्या जागी ऑक्सिजन ८५-८६ दाखवतं. हिमोग्लोबिन १७.८. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली आणि म्हणाले घरी ऑक्सिजनचं मशीन घ्या, रोज निदान १५ तास लावा. बाहेर पन्नास पेशंट बसलेले, जास्त काही विचारता आलं नाही.

आता घरात दोन तट पडलेत. दादा म्हणतो एकदा ऑक्सिजन लावला की सवय लागते, मग सुटत नाही, शेजारच्या आबांना लावला आणि ते सहा महिन्यांत गेले. आई म्हणते मला एवढी धाप लागतच नाही, नाकात नळी घालून माणसं बघायला येतील. आणि मला कळत नाहीये ते असं की बीपी तर १२०/७० आहे, कालच मोजलं, हार्ट ६० टक्के म्हणजे चांगलंच ना, मग हे हायपरटेन्शन आलं कुठून? हिमोग्लोबिन एवढं चांगलं असताना ऑक्सिजन कमी कसा? आणि छातीच्या आजाराने पाय का सुजावेत?

कुणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज सांगा.

झणझणीत_तर्री

ताई, माझ्या मावसभावाच्या सासऱ्यांना सेम हेच होतं, त्यांना सिल्डेनाफिल दिलेली. हो तीच, व्हायग्रातली गोळी, हसू नका, मुळात फुप्फुसाच्या बीपीवर पण चालते ती. मेडिकलवाल्याला विचारा, स्वस्त पडते, मशीनचे चाळीस-पन्नास हजार घालवण्याआधी ते करून बघा. ऑक्सिजनची सवय लागते हे मात्र मी पण ऐकलंय.

निवृत्त_नाडी

तर्री, थांबा जरा. तुमचे ते नातेवाईक वेगळ्या आजाराचे असतील. इथे ती गोळी मेडिकलमधून आणून देणं म्हणजे चांगलंच अंगाशी येऊ शकतं. का ते खाली लिहितो.

पाऊसवाट ताई, मी छातीच्या आजारांचा डॉक्टर, आता प्रॅक्टिस बंद आहे, त्यामुळे लांबण लावायला वेळ आहे. पेशंट न बघता डोस वगैरे सांगणार नाही, पण तुमचे तिन्ही प्रश्न एकाच धाग्यात ओवलेले आहेत तेवढं समजावतो.

हातावर मोजतो ते बीपी शरीराचं. फुप्फुसाचं बीपी वेगळं, ते हृदयाच्या उजव्या बाजूचं काम. मिनिटाला जे पाच लिटर रक्त डावी बाजू अख्ख्या अंगाला पुरवते तेवढंच रक्त उजवी बाजू फुप्फुसातून फिरवते, पण फार कमी दाबाने. अंगातला सरासरी दाब नव्वदच्या आसपास, फुप्फुसातला १४ च्या आसपास. सरासरी २० च्या वर गेला की आता त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात, आधी ही रेघ २५ ला होती. तुमच्या आईचं हाताचं बीपी कितीही सुंदर असलं तरी त्यावरून आतलं काहीच कळत नाही. आणि ६० टक्के आहे ते डाव्या पंपाचं. दमलाय तो उजवा, रिपोर्टातलं 'आरए आरव्ही डायलेटेड' म्हणजे उजवे कप्पे फुगलेत.

आता दाब वाढतो कसा. तुम्ही शेतावरच्या असाल तर दारं धरणं माहीत असेल. पाटाला पाणी आलंय, एका वाफ्यात पीकच नाही, तर दारं धरणारा माणूस त्या वाफ्याचं दार मातीने बुजवतो आणि पाणी पुढच्या वाफ्याला काढतो. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या हेच करतात. ज्या भागात हवा पोचत नाही, ऑक्सिजन कमी, तिथली वाहिनी आकसते आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. बाकी अंगात उलट असतं, ऑक्सिजन कमी पडला की वाहिन्या रुंदावतात. फुप्फुसाचा हा उलटा स्वभाव १९४६ मध्ये स्वीडनमधल्या फॉन ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवला. न्यूमोनियात एखादा कोपरा बिघडला तर ही सोय फार उपयोगाची आहे. पण सीओपीडीत सगळ्याच वाफ्यांत हवेची बोंब, मग सगळीकडची दारं अर्धी बुजवलेली, आणि मागून पाणी तर तेवढंच येतंय. दाब चढणारच. असं वर्षानुवर्षं राहिलं की वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, म्हणजे आकसणं कायमचं. त्यात एम्फिसीमा (फुप्फुसातले हवेचे फुगे नष्ट होत जाणं) असेल तर फुग्यांबरोबर त्यांच्या भोवतीची केशवाहिन्यांची जाळीच नष्ट होते, वाफेच गेले. आणि धूर वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला वेगळा त्रास देतो, तो ऑक्सिजन कमी व्हायची वाटही बघत नाही.

उजवा कप्पा मुळात पातळ भिंतीचा. त्याला रोज चढावर गाडी ओढायला लावली की तो आधी जाड होतो, मग फुगतो, मग रक्त मागे तुंबतं. मागे म्हणजे कुठे, तर मानेच्या शिरा, लिव्हर, पोट, पाय. आईंचं पोट जड वाटणं आणि जेवण न जाणं हे बहुतेक तुंबलेल्या लिव्हरचं. याला आम्ही कॉर पल्मोनाले म्हणतो. पाय सुजायला अजून एक कारण असतं, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायला लागला की किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, त्यामुळे किडनीचे रिपोर्ट नॉर्मल असूनही सूज येते.

हिमोग्लोबिन १७.८ बघून खूश होऊ नका. बाईमाणसात हे जास्त आहे. रक्तात ऑक्सिजन कमी दिसला की किडनी हाडांतल्या मज्जेला निरोप धाडते, तांबड्या पेशी वाढवा. पेशी वाढतात, रक्त दाट होतं, आणि तेच दाट रक्त अरुंद वाहिन्यांतून ढकलायचं काम परत उजव्या कप्प्याच्याच गळ्यात. दाट रक्तात गुठळ्या व्हायची भीती असते ती वेगळीच.

आता ऑक्सिजन. सवय लागत नाही हो. चष्म्याची सवय लागते का? शेजारच्या आबांना लावला तोवर बहुतेक फार उशीर झालेला असणार, आपल्याकडे मशीन शेवटी आणतात आणि मग नाव मशीनचं खराब होतं. खरं तर सीओपीडीत आयुष्य वाढवतात हे पक्कं सिद्ध झालेल्या मोजक्या गोष्टींत धूर-तंबाखू सोडण्याच्या जोडीला ऑक्सिजन आहे. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ८७ पेशंटांवर ट्रायल झाली, निम्म्यांना रोज १५ तास ऑक्सिजन, निम्म्यांना नाही. पाच वर्षांत ऑक्सिजनवाल्या ४२ पैकी १९ गेले, बिनऑक्सिजनच्या ४५ पैकी ३०. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतली आली, २०३ पेशंट, तिथे नुसत्या रात्रीच्या बारा तासांपेक्षा जवळपास दिवसभर लावणारे जास्त जगले. डॉक्टर १५ तास म्हणाले ते तिथून आलंय. दाब यामुळे धाडकन खाली येतो असं नाही, पण चढत जायचा थांबतो किंवा मंदावतो.

आणि आई म्हणतात ना, धाप लागत नाही मग कशाला, तिथेच बहुतेक घरांत गाडी अडते. हा ऑक्सिजन धापेसाठी नाहीच. तो आकसलेल्या वाहिन्यांसाठी आणि उजव्या कप्प्यासाठी आहे. धाप लागली की अर्धा तास लावला, बरं वाटलं की काढला, असं केलंत तर मशीनचे पैसे पाण्यात.

पण सगळ्यांनाच लावायचा असंही नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रेशर ५५ किंवा खाली, म्हणजे बोटावर साधारण ८८ किंवा खाली, असं असेल तर. ५६ ते ५९ मध्ये असेल आणि पायाला सूज किंवा रक्त दाट असेल तरी. ८९ ते ९३ वाल्यांना लावून बघितलं होतं, ७३८ पेशंट, २०१६ मध्ये निकाल आला, काही फायदा दिसला नाही. तुमच्या आई ८५ वर आहेत म्हणजे बसतात त्यात. तरी एक एबीजी करून घ्या, मनगटातल्या धमनीतून रक्त काढतात, दुखतं थोडं. बोटाच्या मशीनला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, आणि सावळ्या कातडीवर ते कधी कधी आहे त्याहून जास्त आकडा दाखवतं. शिवाय आत्ता त्या आजारी आहेत. दोन-तीन महिन्यांनी सूज उतरून स्थिर झाल्या की परत मोजायचं, काहींना तेव्हा गरज उरत नाही.

तर्री, आता तुमची गोळी. सिल्डेनाफिल ही बुजवलेली दारं सरसकट उघडते. हवा नसलेल्या वाफ्यातही पाणी सुटतं, ते रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं आणि आकडा अजून पडू शकतो. फुप्फुसाच्या बीपीचे प्रकार पाच, ही गोळी पहिल्या प्रकारात खरंच कामाची, सीओपीडीचा तिसरा. वाहिन्या रुंदावणारंच पण वेगळ्या जातीतलं एक ओढायचं औषध, ट्रेप्रोस्टिनिल, फुप्फुस कडक होण्याच्या आजारात उपयोगी पडलं म्हणून सीओपीडीतही करून बघितलं, तर पेशंटांचं जास्त बिघडायला लागलं आणि ट्रायल मध्येच बंद करावी लागली. हार्टच्या काही गोळ्यांबरोबर, नायट्रेटच्या, तर सिल्डेनाफिल अजून धोक्याची. तेव्हा नाही म्हणजे नाही.

झणझणीत_तर्री

ओके डॉक्टर, शब्द मागे. मावसभावाला फोन केला, त्याच्या सासऱ्यांना सीओपीडी नव्हताच म्हणे. ती दारं धरायची उपमा मात्र डोक्यात बसली.

त्रासनखाता

पोरी, मी मशीनवाला. तीन वर्षं झाली नाकात नळी आहे, हे लिहितानाही आहे, आणि तुझ्या दादाला सांग की मी अजून आहे.

मी गिरणीतला. आधी ब्लो रूम मग त्रासन खातं, कापसाचा बारीक भुगा एवढा उडायचा की समोरचा माणूस धूसर. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती भरून यायची, मंगळवारी कमी, आम्ही त्याला सोमवारचं दुखणं म्हणायचो, नंतर कळलं की त्याला डॉक्टरी नाव पण आहे. वर बिड्या. ८२ च्या संपात गिरणी सुटली, बिडी सुटली नाही. असो, ते रडगाणं नको.

मला सांगायचंय ते वेगळं. चार वर्षांपूर्वी एका पहाटे एकदम धाप वाढली. खोकला नाही, बडखा नाही, ताप नाही, नुसती धाप आणि छातीत एका बाजूला श्वास घेताना कळ. घरच्यांना वाटलं नेहमीचा अटॅक. दवाखान्यात नेलं तिथेही नेबुलायझर, स्टिरॉइड, अँटिबायोटिक, नेहमीचं सगळं. दोन दिवस ढिम्म फरक नाही. तिसऱ्या दिवशी एक नवीन पोरगी राउंडला आली, शिकाऊ डॉक्टर असावी, तिने पांघरूण वर करून पाय बघितले. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड. दुखते का म्हणाली, मी म्हटलं आठवडाभर दुखतेय, मला वाटलं गोळा आला असेल. तिथून चक्रं फिरली, सीटी अँजिओ केला तर फुप्फुसाच्या नळीत रक्ताची गाठ. पायातून सुटून वर गेलेली. मग रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि माझं तर वय आणि आजार बघून त्या चालूच ठेवल्यात.

म्हणून सांगतो, दोन्ही पाय सारखे सुजणं वेगळं आणि एकच सुजणं, दुखणं, गरम लागणं वेगळं. एक पाय दिसला तर त्याच दिवशी न्या. मला कुणी आधी सांगितलं असतं तर आठवडाभर तेल चोळत बसलो नसतो.

निवृत्त_नाडी

काका, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, माझ्याकडून राहून गेलं होतं. हे फसवं असतं कारण गाठीची धाप आणि सीओपीडीची धाप बाहेरून सारखीच दिसते. फ्रान्समध्ये सात हॉस्पिटलांत श्वास वाढला म्हणून भरती झालेले ७४० सीओपीडी पेशंट ओळीने तपासले, २०२१ ला छापून आलंय, त्यात शंभरातल्या जवळपास सहा जणांना गाठ सापडली. म्हणजे दर पेशंटचा सीटी काढत सुटायची गरज नाही, स्पेनमध्ये सरसकट शोधायचं करून बघितलं त्यात फायदा झाला नाही, पण बडखा न वाढता धाप वाढली, औषधाला दाद नाही, पाय एकीकडे सुजला, तर गाठ मनात आलीच पाहिजे. आजारपणात दिवसेंदिवस पडून राहणं हेही गाठीला आमंत्रण. आईंना घरातल्या घरात फिरवत ठेवा.

आणि श्वासाचा मोठा अटॅक येऊन गेला की पुढचे काही दिवस-आठवडे हार्ट अटॅकची शक्यताही वाढलेली असते. छातीत दुखलं की 'तिचं नेहमीचंच आहे' म्हणू नये, एक ईसीजी काढावा.

रात्रपाळी

मी आयसीयूत सिस्टर आहे, १४ वर्षं. डॉक्टरांनी पुस्तक सांगितलं, मी घरातलं सांगते कारण पेशंट आमच्याकडे परत येतात ते तिथल्या चुकांनी.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्लोची चावी कुणीही वाढवायची नाही. आकडा ९८ करायचाच नाही. सीओपीडीत ८८ ते ९२ पुरे. घरचे काय करतात, ८९ दिसलं की घाबरून एकाचे चार लिटर करतात, आकडा ९९, सगळे खूश, पेशंट शांत झोपलाय. तो झोपलेला नसतो, कार्बन डायऑक्साइड चढून गुंगलेला असतो. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, दिवसा सारखी पेंग, हात लटपटणं, बडबड, असं काही दिसलं की थेट दवाखाना. तस्मानियात ॲम्ब्युलन्समध्ये यावर ट्रायल झाली होती, २०१० मधली, सीओपीडी पेशंटांना भरमसाट ऑक्सिजन दिला तिथे १०० त ९ दगावले, मोजून दिला तिथे २. आमच्या वॉर्डात हे कागदावर छापून चिकटवलंय.

दुसरं, देवघर. मशीन आणि नळी घेऊन निरंजन, उदबत्ती, चूल, गॅस यांच्याजवळ जायचं नाही. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण ठिणगी पडली तर पदर भुर्रकन जातो. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन किंवा तेलही नको, पाण्याचा जेल मिळतो मेडिकलला तो लावा.

लाईट. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर साधारण साडेतीनशे वॅट खातं, १५ तासांचे पाच-सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर, बिलाचा हिशेब आधीच करा म्हणजे नंतर तास कमी करायचा मोह होत नाही. गावाकडे लाईट जाते तर एक बी टाईप सिलेंडर भरून कोपऱ्यात ठेवा, दीड हजार लिटर असतो, एका लिटरने लावला तर चोवीस-पंचवीस तास चालतो. मागचा फिल्टर आठवड्याला धुवायचा, मशीनच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलायचं. १५ तास ऐकून घाबरू नका, रात्रीचे नऊ-दहा तास झोपेतच जातात, उरलेले टीव्ही आणि जेवणात.

ताई एक विचारू का, बीपी १२०/७० आहे ते गोळी घेऊन का बिनगोळीचं? आणि रात्री आई आडव्या झोपतात का बसून?

पाऊसवाट

बापरे, एवढं सगळं. काका, तुमचं वाचून रडायलाच आलं, दादाला पाठवलं लगेच.

रात्रपाळी ताई, बीपीची गोळी आहे, मी लिहायला विसरले. अ‍ॅम्लोडिपिन, पाचची होती, दसऱ्याच्या सुमारास दहाची केली. आणि हो, रात्री खुर्चीतच बसून डुलक्या काढते, पाय खाली सोडून, आडवं झालं की कोंडतं म्हणते. दोन्ही पायांची पोटरी दोरीने मोजली वहिनीने, सारखीच आहे.

रात्रपाळी

वाटलंच. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, दहाच्या डोसला तर बऱ्याच जणांचे. आणि रात्रभर पाय लोंबकळत ठेवले तर कुणाचेही सुजतील. एकोमध्ये उजवी बाजू फुगलीय म्हणजे सगळी सूज गोळीची नाही, पण तिचा हातभार असू शकतो. स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि ते लघवीची गोळी दुप्पट करायचं मनात असेल तर तेही नको, त्या गोळीने पोटॅशियम जातं, वर नेबुलायझरनेही उतरतं, मग पायात गोळे आणि छातीत धडधड.

निवृत्त_नाडी

सिस्टरांना सलाम, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. ५७ आकड्याबद्दल एक राहिलं. तो मोजलेला नाही, काढलेला आहे. उजव्या झडपेतून रक्त मागे गळतं त्याचा वेग ३.५, त्याचा वर्ग करून चारने गुणा, ४९, त्यात उजव्या कप्प्याचे अंदाजे ८ मिळवले, झाले ५७. सीओपीडीत छाती हवेने फुगलेली, प्रोबला हृदय नीट दिसत नाही, वेग चुकला की वर्गामुळे चूक वाढत जाते. अमेरिकेत ट्रान्सप्लांटच्या यादीतल्या ३७४ पेशंटांचा एको आणि आत नळी घालून मोजलेला खरा दाब ताडून पाहिला, २००३ मध्ये. निम्म्याहून जास्त जणांत हा आकडा काढताच आला नाही आणि काढला त्यातले निम्मे दहापेक्षा जास्त पॉइंटांनी चुकले. म्हणून ५७ ला घट्ट धरून बसू नका, फुगलेला उजवा कप्पा, सूज आणि ८५ हे जास्त खरं बोलतात.

नुसत्या सीओपीडीने दाब भयंकर चढणं मात्र दुर्मीळ. फ्रान्समध्ये ९९८ पेशंटांचा दाब नळी घालून मोजला होता, सरासरी चाळीस किंवा वर फक्त २७ जण, आणि त्यातल्याही १६ जणांना दुसरं काहीतरी कारण निघालं. आईंचं ऑक्सिजन नीट लावूनही उतरत नसेल तर झोपेतलं घोरणं-श्वास अडकणं, जुन्या गाठी, डावी बाजू, हे बघायला सांगा.

चष्मिष्ट

थोडं अवांतर. बाई, बिडी नाही, चूल, पाय सुजलेले, उजवं हृदय फुगलेलं, ही गोष्ट आपल्याकडे कधीच नोंदवलेली आहे. डॉ. एस. पद्मावती, भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ, त्यांनी १९५९ मध्ये दिल्लीतल्या १२७ कॉर पल्मोनाले पेशंटांचा अभ्यास छापला होता. बाहेरच्या देशांत हा बिडी-सिगारेटवाल्या पुरुषांचा आजार समजत, दिल्लीत बाया तेवढ्याच निघाल्या, आणि बोट चुलीच्या धुराकडे गेलं. बाई २०२० साली १०३ व्या वर्षी गेल्या, कोविडने. आणि उज्ज्वला योजना आली २०१६ ला. मधली सत्तावन्न वर्षं मोजा.

माळरान

माझे सासरे पण सीओपीडीचे, आकडा ९१ असतो, पुढच्या महिन्यात मेलबर्नला न्यायचंय, विमानात काही होईल का? धागा हायजॅक केल्याबद्दल सॉरी.

निवृत्त_नाडी

विमानाच्या आतला हवेचा दाब जास्तीत जास्त ८ हजार फुटांवरच्या इतका खाली येऊ शकतो, म्हणजे २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के ऑक्सिजनवर असल्यासारखे तेरा-चौदा तास. वरच्या पाटाच्या हिशेबाने सगळी दारं अजून बुजणार. ९१ वाल्याने तिकीट काढण्याआधी छातीच्या डॉक्टरकडे जायचं, टेस्ट असते त्याची, आणि लागला तर एअरलाइनला आधी फॉर्म भरून ऑक्सिजनची सोय करावी लागते. विमानतळावर जाऊन जमत नाही. बसून राहिल्याने पायात गाठ होते तेही लक्षात ठेवा, दर दोन तासांनी उठवा.

पाऊसवाट

महिन्याने येतेय, पण अपडेट द्यायचं कबूल केलं होतं.

एबीजी झाला, ऑक्सिजन ५०, कार्बन डायऑक्साइड ४९. डॉक्टरांना मी कागदावर प्रश्न लिहून नेले, मग त्यांनी नीट वेळ दिला. अ‍ॅम्लोडिपिन बदलली. मशीन भाड्याने घेतलं, एक लिटरवर, आकडा ९० च्या आसपास राहतो, चावीवर दादाने चिकटपट्टी लावलीय. हो, दादानेच. काकांचा मेसेज त्याने दोनदा वाचला असं वहिनी म्हणाली. वजन ६१ वरून ५७ झालं, सगळं पाणीच होतं. खड्डा पडतो अजून, पण घोट्यापुरता. मुख्य म्हणजे परवा भाकरी मागून घेतली, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

माणसं बघायला आली, आई म्हणाली होती तशी. दोन दिवस आली, मग कंटाळली. मशीनचा आवाज तिला गिरणीसारखा वाटतो, पिठाच्या. न्हाणीतली चूल बंद करून वहिनीने गीझर बसवला, त्याच्यावरून आई चार दिवस बोलत नव्हती.

आता तिचा एक प्रश्न आहे, मी फक्त पोचवतेय: नळी लांब मिळते का, ओट्यापर्यंत पोचेल अशी? सुनेला भाकरी नीट थापता येत नाही म्हणते.

रात्रपाळी

मिळते, पन्नास फुटांपर्यंत. ओट्यापर्यंत नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाका. तिथून बसून सुनेला सांगू देत काय सांगायचं ते.